दरवर्षी नवा मॅडन कशासाठी, आणि तो दरवर्षी घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे टेक्सासमध्ये एमएस करत आहेत. रूममेट्सच्या नादाने अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली आणि त्यांनी मॅडन, म्हणजे ईए कंपनीचा दरवर्षी निघणारा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम, याच्या २३, २४ आणि २५ अशा तीन आवृत्त्या लागोपाठ विकत घेतल्या. आता ते म्हणतात, "प्रत्येक वेळी सत्तर डॉलर मोजले आणि प्रत्येक वेळी तोच गेम मिळाला, फक्त खेळाडू इकडचे तिकडे झालेले. टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) तसंच, ब्लॉकिंग (समोरच्याला अंगाने अडवणं) तसंच. कंपनी आळशी आहे का? नुसती नवी खेळाडूंची यादी स्वस्तात का विकत नाहीत? आणि २६ घेऊ का नको?"

मी बारा वर्षं दरवर्षी निघणाऱ्या क्रीडा-गेम्सच्या टेस्टिंगमध्ये काढली. सुरुवातीला पुण्यात कंत्राटी कामावर होतो, नंतर अमेरिकेत एका स्टुडिओत टेस्ट लीड. मॅडनवर मी काम केलेलं नाही, माझे गेम दुसऱ्या खेळांचे होते. पण वर्षाच्या चक्रावर चालणाऱ्या गेमचं पोट सगळीकडे सारखंच असतं आणि मॅडन मी २००५ च्या आवृत्तीपासून खेळतो आहे. तेव्हा आतून काय होतं ते सांगतो, आणि शेवटी २६ बद्दल माझं मत.

आळशी हा शब्द मी मान्य करणार नाही. जूनमध्ये रात्री अकरा वाजता बिल्डची, म्हणजे गेमच्या जुळवून तयार होणाऱ्या ताज्या प्रतीची, वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यातला एक होतो. खरी गोष्ट तारखेची आहे. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सीझन सप्टेंबरमध्ये, लेबर डेची सुट्टी झाल्यावर येणाऱ्या गुरुवारच्या आसपास सुरू होतो. गेम त्याआधी, ऑगस्टमध्ये दुकानात हवाच. दिवाळी अंकाचं जसं असतं तसंच. अंक कितीही सुंदर निघाला तरी तुळशीच्या लग्नानंतर तो कोण घेणार? संपादकाला ती तारीख हलवता येत नाही, म्हणून तो मजकूर हलवतो. एखादी दीर्घकथा पुढच्या वर्षावर जाते, एखादं परिसंवादाचं सदर निम्म्यावर येतं. गेममध्येही हेच होतं.

आमच्याकडचा हिशेब सांगतो. ऑगस्टमध्ये गेम बाहेर पडायचा तर डिस्कवर जाणारं बिल्ड त्याच्या कित्येक आठवडे आधी पक्कं लागायचं, कारण ते सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून पार व्हावं लागतं आणि मग छपाईला जातं. त्याआधीचे दोन-अडीच महिने फक्त बग काढण्यात जायचे. त्या काळात नवं काही घालायला बंदी. दुसऱ्या टोकाला, ऑगस्टमध्ये गेम निघाला की अर्धी टीम ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत त्याच्याच पॅचमध्ये, म्हणजे नंतर पाठवायच्या दुरुस्त्यांमध्ये, अडकलेली असायची. दोन्ही टोकं कापली की नव्या कामाला हातात उरायचे सहा-सात महिने. बाहेरून बारा महिने दिसतात, आतून ते सहा असतात. शेकडो माणसं कामाला लावली तरी हे सहा महिने नऊ होत नाहीत.

तारीख चुकली की काय होतं याचा धडा मॅडनला एकदा मिळाला आहे. १९९५ मध्ये पहिलं प्लेस्टेशन नवं होतं आणि त्यासाठीचा मॅडन ९६ व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या स्टुडिओकडे दिला होता. तो वेळेत आणि हव्या त्या दर्जाचा होईना, म्हणून प्लेस्टेशनची आवृत्ती रद्द झाली. त्या मोकळ्या जागेत सोनीचा स्वतःचा एनएफएल गेमडे घुसला आणि लोकांना तो आवडलाही. पुढच्या वर्षीचं काम फ्लोरिडातल्या टिबुरॉनकडे गेलं. ईएने १९९८ मध्ये हा स्टुडिओच विकत घेतला आणि आजही मॅडन तिथेच, ऑर्लँडोमध्ये बनतो. त्यानंतर मॅडनचं एकही वर्ष रिकामं गेलेलं नाही.

आता "फक्त खेळाडू बदलले" याबद्दल. हे 'फक्त' किती मोठं असतं ते बघा. हा सगळा पंचांगाचा भाग आहे. साचा तोच, पण आकडे दरवर्षी नव्याने मांडावेच लागतात. एनएफएलमध्ये ३२ संघ आणि सीझनमध्ये प्रत्येकाचे ५३ खेळाडू, म्हणजे जवळजवळ सतराशे. पण गेम निघतो तेव्हा संघ अजून सराव शिबिरात असतात आणि तिथे एका संघात ९० पर्यंत माणसं असतात. ९० वरून ५३ वर छाटणी होते ऑगस्टच्या अखेरीला, गेम बाजारात आल्यानंतर. म्हणजे डिस्कवरची यादी पहिल्या सामन्याच्या आधीच शिळी. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंची संघांकडून निवड, होतो, त्यातून अडीचशेच्या आसपास नवी पोरं येतात. प्रत्येकाचं नाव, नंबर, उंची, वजन, चेहरा, समालोचकाच्या तोंडी त्याच्या आडनावाचा उच्चार, आणि शून्य ते नव्याण्णव या पट्टीवर डझनावारी रेटिंग्ज. वेग, चपळाई, झेल, ब्लॉकिंग, खेळ वाचण्याची समज. मे महिन्यात हे काम हातात पडतं आणि जूनमध्ये संपवायचं असतं. आमच्या गेममध्ये एका वर्षी दोन नव्या खेळाडूंचे गुण एकमेकांच्या नावावर गेले. कोणाच्या लक्षात आलं? टेस्टरच्या नाही, त्या खेळाडूंपैकी एकाच्या. त्याने गेम निघायच्या आधीच्या कार्यक्रमात स्वतःला खेळून बघितलं आणि तिथल्या तिथे विचारलं की मी इतका हळू कधीपासून झालो.

यात नियम बदलले की पंचांगाचं काम एकदम खोल जातं. २०२० पासून प्लेऑफमध्ये १२ ऐवजी १४ संघ आले. २०२१ च्या मार्चअखेर ठरलं की १६ ऐवजी १७ सामने होणार. ऐकायला एक आकडा. पण फ्रँचाइज मोडमध्ये, म्हणजे एक संघ घेऊन तो वर्षानुवर्षं चालवायचा त्या प्रकारात, गेम स्वतः पुढच्या अनेक वर्षांची वेळापत्रकं बनवतो. त्याचं गणित, दुखापतींचं प्रमाण, विक्रमांचे टप्पे, प्रत्येक संघाला कोणाशी घरी आणि कोणाशी बाहेर खेळायचं ती वाटणी, हे सगळं सोळाच्या पायावर उभं असतं. पाया हलवला की वर काय काय तडकतं ते शोधायला टेस्टरना संगणकावर सीझनमागून सीझन पळवावे लागतात.

२०२४ ची गोष्ट तर याहून मोठी. त्या वर्षी मार्चच्या अखेरीला एनएफएलने किकऑफचा, म्हणजे चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करण्याचा, नियमच बदलला. पूर्वी किक मारणारा संघ चेंडूमागे सुसाट धावत सुटायचा आणि त्या वेगाच्या धडकेत माणसं जायबंदी व्हायची. नव्या नियमात किक मारणारा एकटा आपल्या ३५ यार्डांवर उभा असतो आणि त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या संघाच्या ४० यार्डांच्या रेषेवर. चेंडू ठरलेल्या पट्ट्यात पडेपर्यंत किंवा कोणाच्या हाताला लागेपर्यंत त्यांनी जागचं हलायचं नाही. खेळ सुरक्षित झाला, उत्तम. पण गेम बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. किकऑफनंतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला कसं अडवायचं हे संगणकाच्या खेळाडूंना वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं एका ठरावाने निकामी. मार्चअखेर ठराव, १६ ऑगस्टला मॅडन २५ बाजारात, आणि नवा किकऑफ त्यात होता. तुम्ही तो सीझनभर खेळलात आणि तुमच्या लक्षातही आलं नसेल, कारण टीव्हीवर दिसत होतं तसंच गेममध्ये होत होतं. अशा कामाची किंमत हीच असते. नीट झालं तर कोणी बघत नाही.

२०२० मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने जुलैच्या मध्यात आपलं जुनं नाव आणि चिन्ह टाकून दिलं. गेम ऑगस्टच्या शेवटी येणार होता. ते नाव मेन्यूत, मैदानावर, जर्सीवर, समालोचनात, सगळीकडे पसरलेलं. मग ते अपडेटमधून काढत बसावं लागलं.

पण मला खरं सांगायचं आहे ते मैदानावरच्या खेळाबद्दल, कारण तुमची तक्रार तिथे आहे. "टॅकल तसंच, ब्लॉकिंग तसंच."

अमेरिकन फुटबॉल हा गेम बनवायला सगळ्यात अवघड सांघिक खेळ असेल, असं माझं मत आहे. प्रत्येक डाव पाच-सात सेकंदांचा. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये क्षेत्ररचना लागते तसं इथे दोन डावांच्या मध्ये दोन्ही बाजूंची रचना लागते आणि मग बावीस माणसं एकाच क्षणी आपापलं वेगळं काम करायला सुटतात. आक्रमणाच्या पुढच्या फळीतली पाच माणसं समोरच्या चार-पाच जणांना अंगाने थोपवतात. पाच जोड्यांची कुस्ती एकदम चालू असते आणि प्रत्येक जोडीत कोणाचा पाय कुठे, कोणाचा हात कुठे हे पडद्यावर दिसत असतं. त्यात एक जण जोडी बदलून दुसऱ्याला मदत करायला जातो. मागे क्वार्टरबॅकजवळ, म्हणजे पास फेकणाऱ्याजवळ, अडीच-तीन सेकंद आहेत. हे ब्लॉकिंग जरा सैल सोडलं तर पास करताच येत नाही, जरा घट्ट केलं तर क्वार्टरबॅक आरामात उभा राहून प्रत्येक वेळी लांब पास फेकतो. दोन्हीमधली खरी जागा नखाएवढी असते.

आमचा एक अनुभव सांगतो, खेळ वेगळा असला तरी दुखणं हेच. वळताना खेळाडूंचे पाय बर्फावर असल्यासारखे घसरायचे. लोक दरवर्षी त्यावरून बोलायचे, व्हिडिओ टाकायचे. एका हिवाळ्यात ॲनिमेशनवाल्यांनी ते दुरुस्त केलं. पाय जमिनीला चिकटला, बघायला फार देखणं झालं. पण पाय चिकटायचा तर शरीराला वळायला जास्त वेळ लागणार. तो वेळ सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा होता. तेवढ्याने बचाव करणारे प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा पोचायला लागले आणि संगणक विरुद्ध संगणक असे सामने लावले तर गुण दुपटीच्या आसपास गेले. मग बचावाची समज बदलली, तर दमण्याचं गणित बिघडलं. ते सुधारलं, तर बदली खेळाडू भलत्या वेळी मैदानात यायला लागले. मार्च संपत आला होता. मीच त्या बैठकीत सांगितलं की हे या वर्षी जाऊ शकत नाही. सगळं काढून जुनं परत घातलं. ती सुधारणा दोन वर्षांनी, तीन तुकड्यांत बाहेर आली.

त्या वर्षी आमचा गेम बघून कोणी म्हणालं असेल की यांनी पाय घसरण्याचा बगसुद्धा काढला नाही, हे आळशी आहेत. तो बग आमच्या यादीत पहिल्या पानावर होता. त्याच्यापुढे 'पुढच्या वर्षी' असा शेरा होता. वर्षाच्या चक्रावरच्या प्रत्येक गेमच्या पोटात असे शेरे मारलेले शेकडो बग असतात आणि ज्याने शेरा मारला त्याला तो बग झोपेतही आठवतो.

मॅडनच्या इतिहासात हे तुकडे स्पष्ट दिसतात. मॅडन १३ मध्ये इन्फिनिटी इंजिनबरोबर (इंजिन म्हणजे गेमच्या पायाचा प्रोग्राम) धडकांचं खरं भौतिकशास्त्र आलं, पण शिट्टी वाजून गेल्यावरही खेळाडू पडलेल्यांना अडखळून धडपडत राहायचे. ते शमायला पुढच्या आवृत्त्या लागल्या. मॅडन १८ मध्ये फ्रॉस्टबाइट इंजिन आलं. मॅडन २३ मध्ये फील्डसेन्स नावाने टॅकल आणि ब्लॉकिंगची नवी पद्धत आली, २४ आणि २५ मध्ये तीच पुढे नेली. २३ आणि २५ पाठोपाठ लावून खेळा, मधला २४ विसरा, फरक दिसेल. एकेका वर्षात तो दिसत नाही, कारण एकेका वर्षात तेवढंच बसतं.

याला एक उलटी बाजू आहे आणि तिच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. काम तीन वर्षांचं असलं तरी जाहिरात दरवर्षी लागते. खोक्याच्या पाठीवर एक नवं नाव छापावंच लागतं. मग त्या सहा महिन्यांतले काही आठवडे अशा गोष्टीत जातात जी दिसते नवी आणि टिकत नाही. मॅडन ०६ मध्ये क्वार्टरबॅकच्या नजरेचा शंकू आला होता. तो जिथे बघतोय तिथेच पास नीट जाणार. कल्पना विचार करून केलेली होती, लोकांना नको झाली, पुढे ऐच्छिक झाली आणि मग गायब. मॅडन १८ मध्ये लाँगशॉट ही कथा आली, १९ मध्ये तिचा दुसरा भाग, आणि संपली. दुसरीकडे फ्रँचाइज मोड, जो मॅडन ९९ पासून आहे आणि ज्यासाठी माझ्यासारखे लोक हा गेम घेतात, तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. २०२० मध्ये मॅडन २१ ची घोषणा झाली आणि त्यात फ्रँचाइजसाठी जवळपास काहीच नाही हे कळल्यावर 'फ्रँचाइज सुधारा' अशी हाक ट्विटरवर इतकी चालली की कंपनीला त्याच सीझनमध्ये पॅचमधून भर घालावी लागली. पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या पारखीची पूर्ण नवी व्यवस्था आली. लोक ओरडले म्हणून झालं. ओरडणं वाया जात नाही, हे आतल्या माणसाचं मत समजा. आमच्याकडेही लोकांच्या तक्रारींची यादी दर सोमवारी भिंतीवर लागायची.

मग नुसती यादी स्वस्तात का विकत नाहीत? विकलेली आहे, पण दुसऱ्यांनी. २०२० मध्ये कोनामी या कंपनीने आपल्या फुटबॉल गेमची, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलची, २०२१ ची आवृत्ती 'सीझन अपडेट' असं सरळ नाव देऊन कमी किमतीत काढली. सांगितलं की आम्ही पुढच्या इंजिनवर काम करतोय, या वर्षी एवढंच. मला तो प्रामाणिकपणा फार आवडला होता. पण त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये आलेला ई-फुटबॉल सुरुवातीला इतका कच्चा होता की कंपनीला माफी मागावी लागली. म्हणजे एक वर्ष मोकळं मिळालं की गेम आपोआप चांगला होतो असंही नाही.

अमेरिकन फुटबॉलमधलंच उदाहरण कॉलेज फुटबॉलचं. त्याची मालिका २०१३ च्या एनसीएए फुटबॉल १४ नंतर थांबली, कारण कॉलेजच्या खेळाडूंना त्यांच्या रूपाचा मोबदला मिळत नव्हता आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. त्या जुन्या गेमसाठी चाहते पुढची दहा वर्षं दर सीझनला हाताने खेळाडूंच्या याद्या बनवत राहिले, फुकट. २०२१ मध्ये नव्या गेमची घोषणा झाली आणि जुलै २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉल २५ आला, १३४ संघांचा. खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली होती. स्टुडिओ तोच, ऑर्लँडोचा, आणि पायाही बराचसा मॅडनचाच. तरी लोकांना तो ताजा वाटला. तीन वर्षं मिळाली की तीच माणसं काय करू शकतात ते त्यात दिसलं. लगेच २०२५ च्या जुलैमध्ये २६ आला आणि तोही वर्षाच्या चक्रात बसला.

मॅडन तसं का करत नाही, याचं माझ्या मते खरं उत्तर अल्टिमेट टीममध्ये आहे. हा मोड मॅडन १० मध्ये आला. खेळाडूंचे पत्ते जमवायचे, पाकिटं फोडायची, संघ उभा करायचा. पाकिटं खेळून मिळतात किंवा पैसे देऊन. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात ईएच्या सगळ्या क्रीडा-गेम्समधल्या अल्टिमेट टीमची मिळून कमाई १.६२ अब्ज डॉलर होती. त्यातला मोठा वाटा फिफाचा, पण मॅडन त्याच साच्यातला. आणि तुम्ही २५ मध्ये जमवलेले पत्ते २६ मध्ये येत नाहीत. ऑगस्टमध्ये सगळ्यांची पाटी कोरी. नुसती यादी अपडेट केली तर पाटी कोरी करायला निमित्त उरत नाही. तारीख सांगते की दर वर्षी बदल किती लहान असणार. बदल लहान असूनही नवं खोकं का निघतं, ते ही कोरी पाटी सांगते.

तिसरी गोष्ट स्पर्धेची, आणि यात माझं मत कडक आहे. २००४ च्या उन्हाळ्यात व्हिज्युअल कॉन्सेप्ट्सने, म्हणजे मॅडन ९६ ज्यांच्याकडून झाला नव्हता त्याच स्टुडिओने बनवलेला ईएसपीएन एनएफएल २के५ वीस डॉलरला बाजारात आला. गेम सुंदर होता. आजही तो काढून खेळणारे लोक आहेत. मॅडनला त्या वर्षी आपली किंमत तीस डॉलरवर आणावी लागली. मॅडन २००५ मध्ये हिट स्टिक (जोराची धडक मारायची सोय) आली, बचावाचा खेळ पहिल्यांदा हाताला जाणवला, ती याच चुरशीच्या वर्षी. डिसेंबर २००४ मध्ये ईएने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेशी एकट्याचा करार केला. नंतर तो वाढत गेला, २०२० मध्ये पुन्हा वाढला. या मक्तेदारीवरून ग्राहकांनी केलेला दावा २०१२ मध्ये २.७ कोटी डॉलर देऊन मिटवला गेला, करार मात्र तसाच राहिला. आज खऱ्या संघांचा, खऱ्या खेळाडूंचा, मॅडनच्या तोडीचा दुसरा गेम बाजारात नाही. 'पुढच्या वर्षी' हा शेरा मारताना समोर कोणी स्पर्धक असेल तर हात थांबतो. मी दोन्ही प्रकारच्या वर्षांत काम केलं आहे. स्पर्धकाचा ट्रेलर आला त्या आठवड्यात आमच्या यादीतले अकरा बग 'पुढच्या वर्षी'वरून 'आत्ता'वर आले होते.

ज्याच्या नावाने हा गेम निघतो तो जॉन मॅडन स्वतः या बाबतीत फार हट्टी माणूस होता. ओकलंड रेडर्सचा प्रशिक्षक म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेला, विमानात बसायला न धजणारा, त्यामुळे १९८४ मध्ये ईएचा संस्थापक ट्रिप हॉकिन्स याने त्याच्याशी गेमची पहिली मोठी चर्चा डेन्व्हरहून ओकलंडला जाणाऱ्या रेल्वेत केली. तेव्हाच्या संगणकांवर बावीस माणसं हलवणं जमेना, म्हणून बनवणारे सात विरुद्ध सात करायला निघाले होते. मॅडनने ठाम नकार दिला. अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉलच नाही आणि माझं नाव त्याला लागणार नाही. त्यापायी काम रखडलं, कंपनीत त्याला 'ट्रिपचा वेडेपणा' म्हणायला लागले, आणि १९८८ मध्ये कुठे ॲपल-२ वर तो गेम निघाला. चार वर्षं. दर ऑगस्टची तारीख तेव्हा असती तर सात विरुद्ध सातच निघाला असता. मॅडन २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेला, तेव्हा मला ही चार वर्षंच आठवली.

आता तुमच्या सत्तर डॉलरबद्दल.

तुम्ही गेममध्ये काय खेळता त्यावर हे सगळं ठरतं. फ्रँचाइज खेळत असाल तर तीन वर्षांतून एकदा घ्या. नियम मोठा बदलतो किंवा मैदानावरची पद्धत नवी येते ते वर्ष धरा. २५ मध्ये नवा किकऑफ आहे, टॅकलची पद्धत बरीच स्थिरावली आहे. नव्या सीझनचे खेळाडू हवे असतील तर लोकांनी बनवून ठेवलेले रोस्टर (खेळाडूंच्या याद्या) गेममधूनच उतरवून घेता येतात. बसून मन लावून बनवणारे लोक आहेत, त्यांची कामगिरी अनेकदा अधिकृत यादीपेक्षा बारीक असते. एक सावधगिरी: फ्रँचाइज ऑनलाइन सर्व्हरवर ठेवू नका, स्वतःच्या कन्सोलवर ऑफलाइन सेव्ह ठेवा. २०२२ च्या डिसेंबरअखेर मॅडन २३ च्या सर्व्हरवरच्या फ्रँचाइजच्या फाइल्स बिघडल्या आणि कंपनीने सांगितलं की सुमारे ४० टक्केच परत मिळवता येतील. लोकांचे कित्येक सीझन गेले. रविवारी रात्री जेवण झालं की मुलाबरोबर एक सामना खेळायचा, असं करत दोन वर्षं चालवलेली फ्रँचाइज गेलेली माणसं मला माहीत आहेत. ती परत उभी करता येत नाही.

रूममेट्सबरोबर ऑनलाइन खेळत असाल तर प्रश्नच वेगळा. ते ज्या आवृत्तीवर असतील तीच घ्यावी लागेल, कारण नव्या आवृत्तीतला माणूस जुन्यातल्याशी खेळू शकत नाही. मग सगळे मिळून ठरवा. चौघं असाल आणि सगळे २५ वर थांबले तर चौघांचे मिळून २८० डॉलर वाचतात. एकाच सोफ्यावर बसून खेळत असाल तर एकाने घेतला तरी पुरे.

अल्टिमेट टीम खेळत असाल तर, मोठा भाऊ सांगतो तसं समजा, त्यात पैसे घालू नका. विद्यार्थी आहात, शिष्यवृत्तीच्या पैशात महिना काढता. फुकटात जेवढं जमतं तेवढं खेळा, मजा येते. ऑगस्टमध्ये ज्याची किंमत शून्य होणार आहे त्यावर जानेवारीत कार्ड चालवणं मला पटत नाही, आणि आमच्या गेममधल्या अशाच मोडची टेस्टिंग वर्षानुवर्षं केलेला माणूस हे सांगतो आहे.

जुन्या कन्सोलवर असाल तर मॅडन २६ तुमच्यासाठी निघालेलाच नाही. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनची साथ तिथे संपली.

आणि घ्यायचाच असेल तर निघाल्या निघाल्या घेऊ नका. ऑगस्टमध्ये जो गेम विकला जातो त्यातले 'पुढच्या वर्षी' न लिहिलेले, पण वेळेत न सुटलेले बग पहिल्या दोन-तीन पॅचमध्ये सुटतात. आमच्याकडे ऑक्टोबरचा पॅच आला की आम्ही आपसात म्हणायचो, आता हा गेम झाला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ब्लॅक फ्रायडेला, किंमत बरीच खाली येते आणि पुढे फेब्रुवारीत सुपर बोलच्या सुमारास आणखी उतरते. तोवर ५३ जणांचे खरे संघ ठरलेले असतात, रेटिंग्ज सीझनभराच्या खेळावरून दर आठवड्याला सुधारलेली असतात आणि किकऑफचे टचबॅक (किक परत पळवत आणली नाही तर चेंडू जिथे ठेवतात ती जागा) २०२५ च्या नव्या नियमाप्रमाणे ३५ यार्डांवर नीट पडत आहेत की नाही, हे लाखो लोकांनी खेळून तपासलेलं असतं.